बिरसी विमानतळ : गोंदियाकरांना हमखास विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, "तुमच्याकडे खरंच विमानतळ आहे?" गावातली पोट्टी विचारतात, "विमान दिवसभर इथंच का फिरते?" आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचं नसतं, सांगायचं असतं. या तिघांच्या बोलण्यातून जमलेले हे प्रश्न आहेत. हे पान विमानतळाच्या कार्यालयाचं नाही, त्यामुळे विमानांच्या वेळा आणि तिकिटांचे दर इथे शोधू नका.

विमानतळ नेमका कुठे आहे?

गोंदिया तालुक्यात, बिरसी गावाला लागून, शहरापासून साधारण १२ किलोमीटरवर, कामठ्याच्या बाजूला. तिकिटावर नाव गोंदियाचं असतं आणि खूण 'जीडीबी'. गावात मात्र कोणी 'गोंदिया विमानतळ' म्हणत नाही, सगळे बिरसीच म्हणतात.

बाहेरचे लोक कामठा आणि कामठी यांत गल्लत करतात. कामठी नागपूरजवळची, १८२१ सालापासून लष्करी छावणी असलेली. कामठा आपला, गोंदिया तालुक्यातला, जुन्या जमीनदारीचा. दोन्हीकडे इंग्रजांचा संबंध आल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. ऑटोवाल्याला गावाचं नाव स्पष्ट सांगावं, एवढंच.

हा इंग्रजांनी बांधला, हे खरं की गावातली गोष्ट?

खरं आहे. ब्रिटिश सरकारने १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही धावपट्टी बांधली. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. हा सगळा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यात होता आणि राजधानी नागपूर होती.

आजोबा सांगायचे, जपानी विमानांच्या भीतीने बांधला. बरोबर आहे का?

सालाचा हिशेब केला तर अर्धं बरोबर. युद्ध सुरू झालं सप्टेंबर १९३९ मध्ये, आणि जपान त्यात उतरला डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे १९४० साली बिरसीत माती पडली तेव्हा इंग्रजांचा शत्रू जर्मनी होता, इटली होती. जपान अजून दारात आला नव्हता. तेव्हा 'जपानसाठी बांधला' हे काही जुळत नाही.

पण आजोबांना खोटं ठरवायची घाई करू नका. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं आणि ६ एप्रिलला जपानी विमानांनी थेट विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. विशाखापट्टणम गोंदियाच्या माणसाला परकं नाही, इथून रायपूरमार्गे गाड्या जातात तिकडे. डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर बॉम्ब पडले. बाजारात, स्टेशनवर तेव्हा काय चर्चा चालत असेल याचा अंदाज करा. त्या दोन-तीन वर्षांत देशभर धावपट्ट्या बांधण्याचा सपाटा लागला. आसाम-बंगालात तर गावागावांतली माणसं, बाया टोपल्या घेऊन गिट्टी टाकायला लागली. आजोबांच्या मनात बसला तो हा १९४२ नंतरचा काळ. धावपट्टी आधीची आणि भीती नंतरची, पण आठवणीत दोन्ही एकत्र झाल्या.

समुद्र नाही, सरहद्द नाही. मग विमानतळ इथेच का?

समुद्र आणि सरहद्द लांब आहे, म्हणूनच. लढाऊ विमानं आघाडीजवळ लागतात, पण त्यांच्या मागे बरंच काही लागतं: वैमानिक शिकवायला जागा, लांबच्या प्रवासात इंधन भरायला थांबा, दुरुस्ती, माल उतरवणं. ही कामं शत्रूच्या टप्प्याबाहेर, देशाच्या पोटात करायची असतात.

दुसरं कारण माझ्या मते रेल्वे. गोंदिया हे बंगाल नागपूर रेल्वेच्या मुंबई–हावडा वाटेवरचं मोठं जंक्शन. शिवाय इथून नैनपूरमार्गे जबलपूरला छोटी गाडी जायची, आणि जबलपुरात १९०४ पासून तोफगाड्यांचा सरकारी कारखाना होता. धावपट्टी म्हणजे हजारो टन गिट्टी, मुरूम, डांबर आणि नंतर पेट्रोलची पिंपं. हे सगळं बैलगाडीने आणता येत नाही. वैनगंगेच्या पूर्वेची सपाट धानाची जमीन आणि बारा किलोमीटरवर जंक्शन, एवढं नकाशावर दिसलं की इंजिनिअरला फार फिरावं लागलं नसेल.

त्या काळचं माप सांगतो. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई खात्याने मोठ्या बॉम्बफेकी विमानांच्या तळासाठी ठरवलेली मुख्य धावपट्टी २,००० यार्ड लांब आणि ५० यार्ड रुंद असायची, म्हणजे १,८०० मीटरच्या थोडी वर. बिरसीची आजची धावपट्टी २,३०० मीटर आहे.

युद्धाच्या खुणा आत पाहायला मिळतात का?

प्रवासी म्हणून आत गेलात तर नाही. प्रवासी इमारत, कुंपण, दिवे, सगळं विमानतळ प्राधिकरण आल्यानंतरचं आहे. बाकी भाग सुरक्षित क्षेत्र आहे. कुंपणातून फोटो काढत उभं राहू नका, गार्ड हटकतो आणि त्याचं बरोबर असतं.

युद्ध संपल्यावर काय झालं?

फारसं काही नाही. धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिली. ऑगस्ट १९९८ मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ताबा घेतला. खरी हालचाल इथून सुरू झाली. त्या वेळी केंद्रात नागरी विमान वाहतूक खातं प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होतं आणि ते गोंदियाचे, हा योगायोग नव्हे हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यावर टीका करणारे पुष्कळ भेटतील. माझं म्हणणं इतकंच की देशभरात अशा किती तरी युद्धकालीन पट्ट्यांवर गुरं चरतात, ही वाचली.

आमच्या पणजोबांची जमीन धावपट्टीत गेली म्हणतात. कागद कुठे शोधायचे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि उत्तर चिकाटीचं आहे.

आधी हे समजून घ्या की युद्धकाळात सरकार जमीन दोन प्रकारे घ्यायचं. पहिला प्रकार भूसंपादन, १८९४ च्या कायद्याखाली. यात मालकी कायमची सरकारची होते आणि राजपत्रात अधिसूचना निघते. दुसरा प्रकार अधिग्रहण, १९३९ चा भारत संरक्षण कायदा आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे. यात मालकी तुमचीच, सरकार फक्त ताबा घेतं आणि भरपाई देतं. युद्ध संपल्यावर असा ताबा आपोआप सुटला असं नाही. तो पुढे चालू ठेवायला १९४७ साली वेगळा कायदाही झाला. घरात 'सरकारनं फुकट घेतली' असं सांगतात तेव्हा प्रकार कोणता होता हे आधी बघावं लागतं, कारण हक्काचा प्रश्न त्यावर ठरतो.

आता कागद. सुरुवात गावाच्या मिसल बंदोबस्तापासून, म्हणजे इंग्रजी काळातल्या जमीन मोजणीच्या नोंदीपासून करा. त्यात युद्धाच्या आधीचा खसरा क्रमांक, म्हणजे शेताच्या तुकड्याचा नंबर, आणि कब्जेदाराचं नाव सापडतं. मग १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद काढा. दोन्ही शेजारी ठेवले की मधल्या काळात कोणता खसरा सरकारच्या नावे लागला ते दिसतं. आपल्याकडे मधेच १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत गेली, त्यामुळे आणखी एक अडचण असते: पणजोबा मालक होते की मालगुजाराचे कूळ? कूळ असतील तर मोबदला मालगुजाराच्या नावाने निघालेला असू शकतो. वाईट वाटून घेऊ नका, अशी घरं बरीच आहेत.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा निघाला. म्हणून गोंदियाच्या भूमी अभिलेख कार्यालयात 'नाही' म्हणाले तर भंडाऱ्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. प्रांताच्या पातळीवरची कागदपत्रं त्याहून फिरलेली आहेत. हा भाग १९५० पर्यंत मध्य प्रांत, मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, मग द्विभाषिक मुंबई, आणि १९६० पासून महाराष्ट्र. राज्य पुराभिलेखागाराच्या नागपूर शाखेत जुनी राजपत्रं चाळता येतात. इंग्रजी हवाई दलाच्या तळांच्या रोजच्या नोंदवह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २८' या मालिकेत ठेवल्या आहेत. कोणाचं पोरगं तिकडे शिकायला असेल तर त्याला कामाला लावा.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि खसरा क्रमांक टाकल्याशिवाय देऊ नका. 'धावपट्टीतली जमीन' एवढ्यावर कोणीही कपाट उघडत नाही.

विदर्भात असे आणखी विमानतळ आहेत का?

नागपूरचं सोनेगाव तर पहिल्या महायुद्धापासूनचं, दुसऱ्यात रॉयल एअर फोर्सने ते वापरलं. पुढे १९४९ च्या जानेवारीत तिथे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री नागपुरात उतरायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका रोकडा फायदा नागपूरला पुन्हा क्वचितच झाला असेल. अकोल्याचं शिवणी १९४३ चं. तिथली धावपट्टी वाढवायची तर शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि तो वाद वर्षानुवर्षं चालू आहे. अमरावतीचं बेलोरा युद्धातलं नव्हे, ते १९९२ चं.

दिवसभर तेच ते विमान घिरट्या का घालतं?

ते शिकाऊ विमान आहे. बिरसीत कॅनडाच्या सीएई कंपनीने विमानतळ प्राधिकरणासोबत वैमानिक प्रशिक्षण संस्था काढली. शिवाय रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीही हिवाळ्यात आपली विमानं इथे आणते, कारण उत्तर प्रदेशात त्या दिवसांत धुकं इतकं असतं की विद्यार्थी जमिनीवरच बसून राहतात. आपल्याकडे दिवाळीनंतर पाऊस पूर्ण गेला की आभाळ स्वच्छ, वर मोठ्या विमानांची गर्दी नाही. शिकायला यापेक्षा चांगली जागा कोणती?

आता घिरट्यांचं. विमान उडवण्यात कठीण भाग उतरणं. म्हणून विद्यार्थ्याला उडायचं, धावपट्टीला समांतर चौकोनी फेरी मारायची, उतरायचं, चाकं टेकली की न थांबता पुन्हा वेग घेऊन उडायचं, असं तासभर करायला लावतात. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत वाकलेल्या बायका डोकं वर करून बघतही नाहीत आता, पाहुणीच बघते.

रात्री आवाज आला तर घाबरू नका. व्यावसायिक परवान्यासाठी एकूण २०० तास उड्डाण लागतं, त्यात १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, आणि किमान ५ तास रात्रीचे, दहा उड्डाणं आणि दहा अवतरणांसह. एका विद्यार्थ्याचा हा हिशेब आहे. पूर्ण तुकडीचा करून पाहा, मग आभाळ मोकळं का राहत नाही ते कळेल.

माझ्या मुलाला इथेच पायलट करायचं आहे. काय लागतं?

वय १८ पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वैद्यकीय तपासणी आणि पैसा. क्रम मात्र उलटा धरा: आधी वैद्यकीय. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्य केलेल्या डॉक्टरकडून दुसऱ्या वर्गाची तपासणी आणि मग पहिल्या वर्गाची. रंगांधळेपणासारखी गोष्ट इथेच कळते. फी भरल्यावर कळली तर घर बसतं. चष्मा असला म्हणून संधी गेली असं नाही.

मग लेखी परीक्षा: हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र, विमानाचं तंत्र, आणि रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. इथे आपल्या पोरांची अडचण इंग्रजीची असते, डोक्याची नव्हे.

खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. धानाचं चुकारं (विक्रीचे पैसे) आणि बोनस मोजणाऱ्या घराला हा आकडा म्हणजे शेत विकणं. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असंही नसतं. कंपनीत लागण्याआधी मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. संस्था कुंपणापलीकडे आहे म्हणून बिरसी-कामठ्याच्या मुलाला सवलत मिळते, असा समज कोणी करून घेऊ नये. शेत विकायचा विचार असेल तर थांबा, शिष्यवृत्तीच्या सरकारी योजना आधी तपासा, आणि नियम बदलत असतात म्हणून डीजीसीएचं ताजं पत्रक वाचा.

मध्यंतरी अपघात झाला होता ना?

हो. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेलं अकादमीचं एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ जंगलात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक, दोघेही गेले.

प्रवासी विमान सुरू आहे का? मोठं विमान उतरू शकतं का?

१३ मार्च २०२२ ला फ्लायबिगची इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू झाली. वाजतगाजत सुरू झाली आणि काही महिन्यांत थांबली. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबादमार्गे तिरुपतीला जोडलं. पुढच्या वेळा आणि मार्ग बदलत राहतात. निघण्याआधी कंपनीकडे विचारा.

इंडिगोने आणलं ते एटीआर, पंख्याचं ७८ जागांचं विमान. लोक त्याला 'छोटं' म्हणून नाक मुरडतात. धावपट्टी पाहता एअरबस ३२० सुद्धा इथे उतरू शकते, अडचण पट्टीची नाही. अडचण ही की एवढ्या जागा रोज भरणार कोण? भातगिरणीवाले, विडीचे व्यापारी, तिरुपतीचे भाविक, पोरं बंगळूर-हैदराबादेत नोकरीला असलेले आई-बाप. ही माणसं आहेत, पण नागपूरचा विमानतळ रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे, आणि मुंबईला जायचं तर विदर्भ एक्स्प्रेस गोंदियातूनच सुटते, रात्री झोपायचं आणि सकाळी उतरायचं. या सवयीशी विमानाला झगडावं लागतं. 'उडान' या केंद्र सरकारच्या विमानसेवा योजनेत कंपनीला ठराविक जागा स्वस्तात विकायच्या बदल्यात तीन वर्षं सरकारी मदत मिळते. तीन वर्षांनंतर विमान टिकलं तर समजायचं की मागणी खरी होती.

बिरसीच्या लोकांना काय मिळालं?

विस्तारासाठी बिरसी, कामठा, परसवाडा, झिलमिली, खातिया या बाजूची जमीन गेली. बिरसीतल्या शंभरावर कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. उपोषणं झाली, निवेदनं झाली. काहींना नोकऱ्या मिळाल्या, बहुतेक कंत्राटी.

विमानतळामुळे जमिनीचे भाव वाढले, असं गोंदियात बसून सांगणारे भेटतात. वाढले, खरं आहे. ज्याची जमीन आत गेली त्याला त्या वाढलेल्या भावाचं काय करायचं? १९४० मध्ये विचारून घेतली नव्हती हे समजू शकतं, तेव्हा राज्यच दुसऱ्याचं होतं. नंतरच्या वेळी तरी आधी घर आणि मग कुंपण, असा क्रम धरायला हवा होता.

सारस आणि विमान, दोघं एकाच आभाळात कसे?

महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदिया-भंडाऱ्यालाच यावं लागतं, आणि त्याची आवडती ठिकाणं म्हणजे परसवाडा, झिलमिली इथले तलाव आणि भोवतालच्या बांध्या. म्हणजे विमानतळाच्या अगदी शेजारी. माणसाच्या उंचीचा हा पक्षी धानाच्या बांधीत घरटं करतो, शेतकरी त्याला हाकलत नाही, उलट अंडी सांभाळतो.

विमानाला कोणत्याही मोठ्या पक्ष्याची धडक धोक्याचीच. पण लोक सारसाला दोष देतात तेव्हा हसू येतं. धावपट्टीवर जास्त पक्षी येतात ते उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यामुळे: घारी, कावळे, बगळे. विमान नियमांतल्या ९१ व्या नियमानुसार विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापणं, सोलणं किंवा घाण टाकणं यावर बंदी आहे. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी फेरी मारा, नियम किती जणांना माहीत आहे ते दिसेल.

सारस पाहायला यायचं असेल तर उन्हाळ्यात, तलाव आटले की या. विमानतळाच्या कुंपणाजवळ दुर्बीण काढू नका, तलावावर काढा.

लग्नात ड्रोन उडवला तर चालतं का?

कामठ्यात, बिरसीत, खातियात नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंतचं क्षेत्र लाल, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. ५ ते ८ किलोमीटर जमिनीपासूनच पिवळं, हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवं, म्हणजे परवानगी लागत नाही, त्यावर पिवळं. फोटोग्राफर 'काही होत नाही भाऊ' म्हणतो. कॅमेरा त्याचा जातो, पण गुन्ह्यात नाव मांडववाल्याचंही येऊ शकतं. सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर आपलं गाव कोणत्या रंगात आहे ते वरात काढण्याआधी बघून घ्या.

नांगरताना जुनं लोखंड किंवा काडतुसासारखं काही लागलं तर?

हात लावू नका, घरी आणू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. जागेवर काठी रोवून खूण करा, गुरं-पोरं लांब ठेवा आणि ११२ ला फोन करा. बॉम्बशोधक पथक येतं. शंभरातली नव्याण्णव वेळा ते जुन्या नांगराचं फाळ किंवा पाइपाचा तुकडा निघेल. तरीही फोन करा, कारण आपला जिल्हा नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेला राहिला आहे आणि जमिनीत पुरलेली वस्तू १९४२ ची की कालची, हे पोलिसांनाच ठरवू द्यावं.